डब्यातली साखर

नगरला खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकीणबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "अंडं-मटण?"

"दूधसुद्धा घेत नाही," मी म्हणालो.

बाई इतक्या खूश झाल्या की चावी तिथल्या तिथे हातात. "चांगल्या घरचे दिसता," म्हणाल्या. कोणत्या घरचा, ते काही विचारलं नाही. आम्ही ख्रिस्ती, पण आडनावावरून ते कळत नाही. मीही तोंड उघडलं नाही. तेव्हापासून जिन्यात त्यांच्या चपला वाजल्या की वाटतं, आज विचारणार.

दूध सोडण्याचं कारण साधं. बेलापूरला दूध संकलन केंद्रावर कामाला होतो तेव्हा रस्त्याकडेला सोडून दिलेले गोऱ्हे रोज दिसायचे. गोऱ्हा दूध देत नाही, म्हणून नकोसा. ते बघून दूध सुटलं, मागोमाग मटण. मालकीणबाईंना ते सोवळं वाटलं. आईला काय वाटलं, ते नाताळात कळलं.

घर पाहुण्यांनी भरलेलं. आईनं चहाचा कप पुढे केला, मी सगळ्यांदेखत "नको" म्हणालो. तिचा हात तसाच राहिला. पाहुणे गेल्यावर म्हणाली, "माझ्या लहानपनी वरच्या आळीतली मानसं आमच्या दारात असंच म्हनायची. नको, आत्ताच घेतला."

"अगं, दुधामुळे नको म्हणालो."

"व्हय का? आन् त्या मालकिनीला ठावं हाय का, आपन कोन?"

मी पिशवी भरायला घेतली. निघताना तिनं स्टीलचा डबा हातात दिला. "दूध-तूप न घालता केल्यात करंज्या. तिला दे. सांग, आईनं नाताळाच्या केल्यात."

डबा चार दिवस खोलीत पडून होता. दोनदा तो घेऊन खाली बाईंच्या दारापर्यंत गेलो, दोनदा परत आलो. शेवटी सगळ्या करंज्या मीच खाल्ल्या. झकास झाल्या होत्या, आणि मला माझीच चीड येत होती.

आमच्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. म्हणून घरी जाताना डबा घासला आणि त्यात दोन मुठी साखर घातली, माझ्याच बरणीतली.

आईनं झाकण उघडलं. चिमूटभर साखर तोंडात टाकली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"तिनं दिली?"

"हो."

"काय म्हनली?"

"छान झाल्यात म्हणाली."

"बरं झालं. मग फुडल्या आयतवारी मीच येते तुझ्या खोलीवर. तिला भेटते."

"खोली फार लहान आहे गं," मी पटकन बोलून गेलो.

आईनं झाकण दाबून बसवलं. "माझ्यापुरती बी जागा न्हाई?"