शास्त्रज्ञाच्या मिशा

टेनिस बॉलची स्पर्धा खेळायला आमची टीम तलवाड्याहून टेम्पोनं कड्याला निघाली होती. वाटेत एका गावाशी आमच्या विकेटकीपरनं टेम्पो थांबवायला लावला.

“आता कावून थांबलो बे?” कॅप्टन वैतागला.

“एका शास्त्रज्ञाचा पुतळा हाय हितं. लई मोठा माणूस व्हता.”

कीपर कृषी सहायक. या शास्त्रज्ञानं ज्वारीच्या खोडकिडीपायी हयात घालवली, हे त्यानं कुठंतरी वाचलेलं. आम्हा बाकीच्यांनी नावसुद्धा ऐकलं नव्हतं.

गावातल्या बुद्धविहाराशेजारी अर्धपुतळा सापडला. चौथऱ्यावर शेळी निवांत रवंथ करत होती आणि शास्त्रज्ञाला पहिलवानासारख्या काळ्याभोर मिशा होत्या. समोरच्या घरातून काठी टेकत एक म्हातारी आली. ती त्या शास्त्रज्ञाचीच धाकटी बहीण निघाली.

“कावून आलात लेकरांनो?”

“साहेबांना अभिवादन करायला,” कीपर म्हणाला.

म्हातारी हरखली. मग लगेच गाऱ्हाणं मांडलं, “दादाला मिशा नव्हत्याच ओ! रंगवणारा म्हणला, बिगरमिशीचा मोठा माणूस शोभत न्हाई. तेवढ्या काढून द्या की.”

ड्रायव्हरनं डिझेलात बुडवलेलं फडकं दिलं. उंच मी, म्हणून चढलो मीच. जीव खाऊन घासलं. मिशा तसूभर हलल्या नाहीत. नाकाचा रंग मात्र सगळा निघून आला. मी फडकं पाठीमागं लपवलं.

म्हातारीनं वर पाहिलं आणि हसत हसत शेळीशेजारीच बसली. “ऱ्हाऊ द्या. रानात दिवसभर किडे बघत बसायचा. उन्हानं नाक असंच सोलून निघायचं त्याचं!”

मग जेवल्याशिवाय तिनं सोडलं नाही. पिठलं, भाकरी, ठेचा. नको म्हटलं की ताटात आणखी एक भाकरी पडायची. आमच्या ओपनरनं तर नको म्हणायचेही कष्ट घेतले नाहीत.

कड्याला तोच ओपनर दुसऱ्या धावेसाठी पळाला आणि अर्ध्या पिचवर पोट धरून बसला. रनआऊट. मग आमच्या बॉलिंगलाही मार पडला; आम्ही सपाटून हरत होतो.

शेवटची ओव्हर टाकणाऱ्या कॅप्टनच्या बाहीवर एक हिरवा किडा येऊन बसला. एरवी त्यानं टिचकीनं उडवला असता. आता बॉलिंग थांबवून कीपरकडं गेला.

“ह्यो कोणता बे?”

कीपर ग्लोव्ह्ज काढून वाकला. आम्हीही भोवती जमलो. अंपायर लांबून ओरडत होता, “अरे, मॅच खेळायची हाय का न्हाई?”

“थांबा ओ,” कॅप्टन म्हणाला, “उडून जाईल.”