आपखुशीनं

"मॅडम, फ्लाइट फुल है," काउंटरवरची मुलगी म्हणाली. माझ्याकडे न बघता.

दिल्लीचं विमानतळ. हातात संभाजीनगरचं तिकीट. परळीजवळच्या आमच्या गावात बापू शेवटच्या घटका मोजत होते. भावाचा फोन आला होता, "बापूचे डोळे दाराला लागलेत. लौकर ये, अक्का."

"तिकीट हाय की माझं," मी म्हणाले. घाबरले की तोंडात गावची बोली येते. ती हसली. शेजारच्या काउंटरवरचाही हसला. मग लहान पोराला समजवावं तसं तिनं समजावलं. कंपनी जागांपेक्षा जास्त तिकिटं विकते, कारण कुणी ना कुणी येतच नाही. आज सगळे आले. जणू मी आले हीच माझी चूक.

माझ्या पुढचा सुटातला माणूस इंग्रजीत ओरडला. त्याला जागा मिळाली. मला ओरडता आलं नाही. आम्ही धनगर. बाजारात गुपचूप उभं राहणारं मेंढरू गिऱ्हाईक आधी धरतं, हे लहानपणापासून बघितलंय. बाप मरायला टेकलाय, हे सांगायला मी तोंड उघडलं, तर तिनं कागद पुढं सरकवला. "बस एक साइन. कल सुबह की फ्लाइट पक्की."

केली सही. न वाचता. मी स्वतः नर्स आहे. नातेवाइकांपुढं कागद धरून "इथं सही करा" असं रोज म्हणते. ते वाचत नाहीत, मीही थांबत नाही.

बापू त्याच संध्याकाळी गेले. दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा माझ्यासाठी माती थांबवली होती. त्यांचा डावा डोळा अर्धा उघडाच. मिटता मिटेना. भाऊ एवढंच म्हणाला, "कावून उशीर केला, अक्का?"

मी पिशवीतून तो कागद काढून दाखवला. अंबाजोगाईला शिकणाऱ्या भाचीनं त्यातलं वकिली इंग्रजी वाचून काढलं.

"काय लिवलंय गं?"

"आत्या, तू आपखुशीनं जागा सोडली, असं लिवलंय."

आपखुशीनं.

बापू मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचे. खतासाठी शेतकरी आपल्या वावरात कळप बसवून घ्यायचे. एकदा एका बागायतदारानं दुप्पट ज्वारी कबूल केली. बापू म्हणाले, "आजचा शब्द दुसऱ्याला दिलाय, मालक. एक कळप दोन वावरात कसा बसवू?" अंगठा लावणारा माणूस. त्याला कळत होतं ते एवढ्या मोठ्या कंपनीला कळू नये? लई संताप होतो.

मी तक्रार केली. उत्तर आलं, आपण आपखुशीनं जागा सोडली, त्यामुळे आमची चूक नाही. तरी एक फुकट तिकीट देतो, तक्रार संपली, अशा संमतीची सही करून पाठवा.

नाही केली. आयुष्यात पहिल्यांदा.

आता बीडच्या ग्राहक न्यायालयात माझा अर्ज आहे. त्यांचा वकील म्हणतो, मिटवून टाका. तो अर्धा उघडा डोळा मला ड्यूटीवर दिसतो, जेवताना दिसतो. आरशात बघून केस विंचरतानाही दिसतो. तो मिटत नाही, तर मी काय मिटवू? दवाखान्यात आता कागदाची ओळ न ओळ वाचून दाखवते, मगच पेन देते. डॉक्टर चिडतात. चिडू देत.

मी आपखुशीनं थांबले नव्हते. हे त्यांनी त्यांच्या सहीनिशी लिहून द्यायचं. तोवर माझी दुसरी सही त्यांना मिळणार नाही.