बिनमिठाची भाजी

अब्बांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, माती दिल्यावर नवऱ्याने ठरवलं की आईला एकटं ठेवायचं नाही, आणि व्हिजिट व्हिसावर तिला इथे घेऊन आला. तो इथे सौदीत, किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीच्या बंदरात नोकरीला. घर चांगलं, एसी चांगला, पण अम्मा जेवेचना. दोन घास चिवडायची की उठली. अब्बांचं नावसुद्धा काढत नव्हती. काही विचारलं की एकच, "मला घरी पोचव." घरी होतं कोण? खाडीकाठचं बंद दार. व्हिसा संपत आला होता, आणि वाढवू का म्हणून विचारायची नवऱ्याला छाती होत नव्हती. मी तर पार वैतागले होते. रोज रांधायचं आणि रोज फ्रिजमध्ये ढकलायचं, किती दिवस?

एकदा ऊन कलल्यावर, असरच्या नमाजानंतर तिला ओढूनच फिरायला नेलं. भरतीचं पाणी येतं-जातं त्या चिखलाच्या पट्ट्यावर एक वेल पसरलेली आहे. लालसर देठ, जाडजूड पानं, नखाएवढी गुलाबी फुलं. नवरा म्हणाला होता, ही इथली नव्हे, किनारा धरून ठेवायला बाहेरून आणून लावलीय. अम्मा चालता चालता थांबली, खाली बसली, पान तोडून तोंडात टाकलं आणि ओढणीत भराभर कोवळे शेंडे खुडायला लागली.

"अम्मा, ही कंपनीची झाडं आहेत. वॉचमन बघतोय."

"बघू दे. आमच्या खाडीवरची भाजी आहे ही."

घरी आल्यावर ती पहिल्यांदाच माझ्या स्वयंपाकघरात शिरली. भाजी उकडून पाणी ओतून दिलं. गावाहून आणलेला सुका जवळा बॅगेतून काढला, कांदा-लसणीवर परतला. तेवढ्यात सूर्य मावळला, मगरिबची अजान झाली. "लक्ष ठेव गो," म्हणून ती नमाजाला गेली. मी शहरात वाढलेली. मला काय ठाऊक? हाताला सवय ती सवय. बरणीतून नेहमीएवढं मीठ घेतलं आणि टाकलं.

जेवायला बसलो. मी पहिला घास घेतला आणि माझे डोळेच पांढरे झाले. अम्माने बोटाने चाखून बघितलं.

"मीठ घातलंस?"

मी मान हलवली.

"ह्या भाजीत मीठ घालायचं नसतं गो. ती खाडीचं मीठ पिऊनच वाढते."

आता ताट सरकवणार, असं मला वाटलं. पण ती मुलाकडे बघत होती. तो खाली मान घालून खात होता. घास, मग पाणी, परत घास.

"मी नवी नवरी होते," अम्मा म्हणाली, "तेव्हा मीपण घातलं होतं. तुझ्या बापाने असंच सगळं संपवलं. पाणी पीत पीत. सासूला कळू दिलं नाही."

बोलता बोलता तिला हसू आलं, आणि त्या हसण्यातच ती रडायला लागली. अब्बा गेल्यापासून तिच्या डोळ्यांत पाणी मी पहिल्यांदाच पाहिलं. नवरा उठून तिच्याजवळ जाऊन बसला. मलाही राहवलं नाही. तिने आम्हाला रडू दिलं, मग ओढणीने तोंड पुसलं आणि ताट पुढे केलं.

"भात वाढ. नुसती नाही जायची ही."

मी वाढला. तिने आणखी मागितला.

हात धुताना ती मुलाला म्हणाली, "तिकडे अजून पुष्कळ पसरलीय. एवढी सगळी ह्या महिन्यात नाही संपायची."

सकाळी त्याने व्हिसा वाढवायला टाकला.