न विणलेला पदर

येवल्याची माजिदा अन्सारी वीस वर्षं पैठणी विणत होती. २००४ साली ती नाशिकला दिवंगत नक्षीकार वामनराव दाणे यांचं संग्रहालय बघायला आली. तिथं एका ग्राफपेपरवर वेलीत लपलेले पोपट रेखाटले होते. खाली लिहिलं होतं, 'हा पदर कुणालाच विणता आला नाही.'

माजिदा तिथून हलेना. शेवटी तिनं संग्रहालय सांभाळणाऱ्या मंजुषाताईंना गाठलं.

"ताई, येईल की विणता! पोपट शेपटीकडून विणत यायचे. मला याची झेरॉक्स द्याल?"

मंजुषाताईंनी दिली. सात महिने माजिदा मागावर बसली, दोनदा तिनं सगळं उसवलं. दिवाळीला तो पदर संग्रहालयात तिच्या नावासकट लागला.

"आता दुसरं चित्र दाखवा," ती मंजुषाताईंना म्हणाली.