एका खोक्यातले तीन सर्व्हर

आमच्या अंबरनाथच्या कारखान्यातला सर्व्हर घरून वापरता यावा, म्हणून शेठनी एक माणूस बोलावला. त्याने सॉफ्टवेअरच्या करामतीने एकाच खोक्यात तीन सर्व्हर चालू करून दिले. शेठ खोक्याभोवती फिरले. "बाकीचे दोन किधर गेले?"

त्याने वाद घातला नाही. खोक्यावर तीन चिठ्ठ्या चिकटवल्या: ऑर्डर, माल, हजेरी. शेठचं समाधान झालं. दसऱ्याला त्यांनी तिन्ही चिठ्ठ्यांना वेगवेगळं कुंकू लावलं.

मग त्याने आम्हा प्रत्येकाला घरून काम करायचा पासवर्ड दिला, शिवाय मोबाइलवर येणारा ओटीपी. बाहेरच्या कुणाला आत शिरता येणार नव्हतं, आणि त्याला शहाडला घरी बसून सगळं सांभाळता येत होतं. तरी हा रोज सकाळी जेवणाचा डबा घेऊन खोक्याशेजारच्या स्टुलावर हजर.

मी एकदा विचारलं, "अहो, घरून होतं ना हे सगळं?"

"होतं की," चिठ्ठीचा सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबत तो म्हणाला. "पण घरून केलं, की शेठ विचारतात, आज सुट्टी होती का?"

मला त्याची कीव आली. मग मी, शिरगावहून धावतपळत आलेला, हजेरीच्या मशीनवर अंगठा ठेवला आणि टेबलाशी बसून घरून काम करायचा पासवर्ड टाकला.