मागच्या सीटचा दिवा

भूतबित असलं मी कधीच मानलं नाही. आठवीनंतर शाळा सुटली, पण गाड्यांत हात काळे करून वाढलोय — बिघाड असला तर त्याला कारण असतंच, एवढं मला पक्कं ठाऊक. म्हणून हे लिहायला धीर होत नव्हता... शुद्धलेखन सांभाळून घ्या.

माझं गाव रत्नागिरीकडं. अकरा वर्षांपूर्वी ट्रकवर क्लीनर म्हणून परभणीला आलो. मोंढ्यात, म्हणजे इथल्या धान्यबाजारात, कावीळ झाली आणि ट्रकवाला मला पोत्यांवर निजवून निघून गेला. समोरच्या आडत दुकानातल्या अक्कांनी मला घरी नेलं, महिनाभर मऊ भात करून घातला. मग त्यांच्या मुलानं, म्हणजे मालकांनी, मला ड्रायव्हर म्हणून ठेवलं. त्या घरचे उपकार आहेत माझ्यावर, हे आधीच सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात गाडीचा चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. गाडी पेट्रोल पिऊ लागली. गॅरेजवाला म्हणाला, सायलेन्सरच्या पाइपात धूर हुंगणारा सेन्सर असतो, तो गेलाय. खर्च ऐकून मालकांचं तोंड उतरलं. मीच म्हणालो, मी बदलतो. सेन्सर ऑनलाइन मागवला, मोबाइलवर व्हिडिओ बघितला, दुकानामागं गाडी जॅकवर घेतली. जुना सेन्सर गंजून बसला होता. तेल सोडून, पान्यानं झटके देऊन निघेपर्यंत दुपार झाली. व्हिडिओतला माणूस सांगत होता, नव्याच्या आट्यांना एक पेस्ट लावा म्हणजे पुढं जाम होणार नाही. ती माझ्याकडं कुठली? अक्का पायरीवर बसून बघत होत्या. लिंगायतांचं घर, विभूतीची डबी हाताशीच.

"ही लाव," म्हणाल्या. "देवाची हाय. जळत न्हाई, सडत न्हाई."

मी ती तेलात कालवून लावली. ही माझी पहिली चूक.

दिवा विझला. मालकांनी दुकानात चारचौघांत पाठ थोपटली — आमचा आठवी पास इंजिनियर म्हणून.

पंधरा दिवसांनी मालकांच्या मामांना आणायला ताडकळसला गेलो. मामा मागं बसले आणि दिवा लागला. उतरले, विझला. चौथ्या दिवशी मामा गेले. वय झालं होतं, मी मनावर घेतलं नाही. मग शेजारच्या रिटायर गुरुजींना स्टेशनवर सोडायचं होतं. ते बसले, दिवा लागला. आठवड्यात गुरुजीही गेले. मधल्या काळात त्याच सीटवर लग्नाचं वऱ्हाड बसलं, हरभऱ्याची पोती बसली — दिवा नाही. गॅरेजवाल्यानं मशीन लावून बघितलं, एकही फॉल्ट नाही. विभूतीचं सांगितलं तर हसला. म्हणाला, राखेनं सेन्सर बिघडला तर दिवा कायम लागेल, माणूस बघून कसा लागेल?

मी हे सगळं मालकांना बोललो आणि ते घरभर झालं. ही दुसरी चूक.

पावसाळा संपता संपता अक्कांना दम लागायला लागला. दवाखान्यात निघालो. मालक माझ्या शेजारी, अक्का मागं. गाडी चालू होतीच. अक्का बसल्या, दार लागलं... आणि दिवा लागला. मालक त्याच्याकडं बघतच राहिले. उड्डाणपुलाच्या अलीकडं हळूच म्हणाले, "वापस घे."

मला वाटलं काही विसरलं.

"आता कशाला म्हातारीला सुया टोचायच्या? वापस घे म्हणलं की."

अक्कांना सांगितलं, डॉक्टर गावाला गेलेत.

त्यानंतर दवाखाना नाहीच. गोळ्या संपल्या, त्या पुन्हा कुणी आणल्या नाहीत. पाहुणे शेवटचं भेटून जाऊ लागले, आणि अक्का बिचाऱ्या त्यांना चहा करा म्हणून सुनेला सांगायच्या. सोळाव्या दिवशी दुपारी मी पाणी द्यायला गेलो, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

"खरं सांग बाबा. त्या दिशी दिवा लागला व्हता का?"

"न्हाई अक्का."

"मग मला कावून नेईनात?" थोडा दम घेतला. "तूच ने की. तुला तर येती गाडी."

मालकांना विचारतो म्हणालो आणि बाहेर आलो. मालक गादीवर बसून सौदा करत होते. गाडीची किल्ली माझ्या खिशात होती. पण मालकांनी हाकललं तर मी कुठं जाणार, एवढंच डोक्यात... मी विचारलं नाही. त्या दिवसानंतर अक्कांच्या खोलीतही गेलो नाही. तीन दिवसांनी त्या गेल्या.

यांच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात. अक्कांना खड्ड्यात बसवलं तेव्हा मान जराशी डावीकडं कलली होती — गाडीत बसायच्या तशीच. कपाळाला त्याच डबीतली विभूती.

दिवा आधीच जाणत होता, की त्याचं आम्ही खरं करून दाखवलं? मामा आणि गुरुजींचं काय मग? मला आजपर्यंत कळलेलं नाही. तुमच्यात कुणाला कळलं तर सांगा. मागची सीट मी बाहेर उभा राहूनच पुसतो, तीही किल्ली काढून. सेन्सर काढून टाकू का, असं मालकांना विचारलं होतं. म्हणाले, "राहू दे. कामाचा हाय."

गेल्या सोमवारी मालकांच्या सासूबाई आल्या. देवळापर्यंतच जायचं होतं, त्या चालत निघाल्या होत्या. मालकांनी आग्रहानं मागं बसवलं आणि स्वतः पुढं बसले. किल्ली फिरवली की सगळेच दिवे एकदा लागतात, मग एकेक विझत जातात. मालक मीटरकडं वाकून बघत होते. पिवळा विझायची वाट बघत होते की न विझायची, ते काही मला त्यांच्या तोंडावरून कळलं नाही.