झिजलेले दात आणि एक इंग्रजी शब्द

हिंगोलीच्या जनावरांच्या दवाखान्यात मी कारकून म्हणून लागलो, तेव्हा मला बाविसावं वर्ष होतं. महायुद्ध चालू होतं. संस्थानाचं रोजचं कामकाज उर्दूत चाले, पण वरच्या साहेबाला अहवाल इंग्रजीत जात. ते लिहायचं काम माझ्याकडे होतं आणि मला त्याचा गर्व होता. टपालातून येणाऱ्या शिळ्या इंग्रजी वर्तमानपत्रात 'वॉर ऑफ अ‍ॅट्रिशन' असं वाचलं होतं. अर्थ धड ठाऊक नव्हता, पण शब्द फार आवडला. कुठंतरी वापरायचाच, असं ठरवूनच बसलो होतो.

तेवढ्यात कयाधू नदीच्या काठावरल्या एका गावातून खबर आली की मेंढ्या मरत आहेत. डॉक्टरांबरोबर मीही गेलो. कळप एका धनगर बाईचा होता. डॉक्टरांनी मेलेल्या मेंढीचं तोंड उघडलं. समोरचे दात हिरडीपर्यंत झिजलेले होते. बाई म्हणाली, "नदीकाठचं गवत बुटकं. खाता खाता वाळू येते दाताखाली. म्हाताऱ्या मेंढ्यांचे दात गेले, आता चरता येईना." डॉक्टरांनी मान हलवली आणि मला म्हणाले, "बरोबर. रोग नाही. अहवाल लिहून टाका."

मी लिहिलं: 'इलेव्हन शीप डाइड ऑफ अ‍ॅन अ‍ॅट्रिशन.' डॉक्टर दौऱ्यावर निघायच्या घाईत होते. त्यांनी न वाचताच सही केली.

आठ दिवसांत हुकूम आला की हा रोग पसरू नये म्हणून कळप बाजारात आणू नये. दुसऱ्या दिवशी बाई दारात उभी. बाजाराच्या वाटेवरून शिपायानं तिला परतवून लावलं होतं.

"तुमीच लिहिलं न्हवं? माझा बाजार काहून बंद केला? दात झिजले म्हंजी रोग व्हय का?"

"मावशी, बसा. माझीच चूक दिसते," मी म्हणालो.

कपाटातला कोश काढला. घासून घासून होणारी झीज, असा अर्थ दिला होता. शत्रूची ताकद हळूहळू खचवायची, म्हणून लढाईलाही तोच शब्द. मी मात्र त्याला पटकी-देवीसारख्या रोगांच्या पंगतीला बसवलं होतं आणि त्याच्याआधी 'अ‍ॅन' लावून तर तो एखादा आजारच करून टाकला होता. वाचणाऱ्याचा काय दोष? झीज कशाची आणि कशानं, हे माझ्या वाक्यात कुठंच नव्हतं. मेंढ्या झिजून मेल्या नव्हत्या. झिजले होते त्यांचे दात, आणि मेंढ्या मेल्या होत्या उपासानं.

बाईला समोर बसवूनच नवा अहवाल लिहिला. म्हाताऱ्या मेंढ्यांचे दात वाळू मिसळलेल्या गवतावर घासून झिजले, 'वोर्न डाउन बाय अ‍ॅट्रिशन', त्यामुळे त्यांना चरता आलं नाही आणि त्या उपाशी मेल्या. हा संसर्ग नव्हे. शेवटी पहिल्या अहवालातली चूक माझी आहे, असंही लिहिलं. मग सगळं तिला मराठीत सांगितलं.

ती म्हणाली, "हे बराबर हाय. मंग तो मोठा शब्द ठेवला कशाला?"

"कारण आता तो जागेवर बसलाय," मी म्हणालो.

डॉक्टरांनी या वेळी ओळ न् ओळ वाचली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सही केली. बंदी दुसऱ्या आठवड्यात उठली. बाईनं म्हाताऱ्या मेंढ्या वेगळ्या काढून त्यांना भिजवलेली पेंड सुरू केली आणि बाकीचा कळप माळावर चारायला नेला. पुढच्या बाजारी ती मला भेटली, पण थांबली नाही. गिऱ्हाईक तिची वाट पाहत होतं.

त्यानंतर त्या शब्दाला मी कधी भ्यालो नाही. वरचे साहेब बदलले, पुढं राज्यही बदललं. माझ्या टेबलावर नवीन कारकुनाचा कागद आला, त्यात वीज पडून बैल मेला आणि खाली 'अ‍ॅट्रिशन' लिहिलेलं! मी त्याला विचारलं, "वीज एका क्षणात पडली की वर्षभर घासत होती?" तो हसला आणि त्यानं तो शब्द आपणच खोडला.